दापोलीजवळ ६५० फुटांचं घर: मॉड्युलर, पफ पॅनेल, एलजीएसएफ की सरळ चिऱ्याचं?

सहा_गुंठे (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत साधारण तीन किलोमीटरवर सहा गुंठ्यांचा एनए (बिनशेती) प्लॉट आहे. त्यावर ६५० चौरस फुटांचं घर करायचं आहे. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक संडास-बाथरूम, पुढे पडवी. आईवडील ऑक्टोबर ते मे राहतील, पावसाळ्यात घर बंद.

हातात चार कोटेशनं आहेत. पहिलं, ४० फुटी दोन कंटेनर जोडून. दुसरं, लोखंडी चौकटीवर ५० मिमी पफ पॅनेल (दोन पत्र्यांत फोम भरलेलं), १,६५० रुपये फूट. तिसरं, एलजीएसएफ म्हणजे बारीक जस्ती पत्र्याच्या सांगाड्यावर सिमेंट बोर्ड, १,९५० रुपये फूट, जीएसटी वेगळा. चौथं गावच्या कंत्राटदाराचं, जांभ्याच्या भिंती आणि वर पत्रा, २,१०० रुपये फूट, "चावी हातात". पहिले तिघंही आपल्या मालाला मॉड्युलर म्हणतात, त्यामुळे नेमका फरक कळेनासा झालाय.

मुख्य रस्त्यापासून प्लॉटपर्यंतचे शेवटचे ४०० मीटर मातीचे, रुंदी दहा फूट, मध्ये एक काटकोनी वळण. डिसेंबरात काम काढलं तर मेअखेर घर तयार होईल का? वारा, गंज, परवानगी, कर्ज यांबद्दल जाणकारांनी सांगावं. "तुमच्या आवडीवर आहे" असं उत्तर कृपया नको.

---

ओळंबा

आधी शब्दांचा गुंता सोडवू. मॉड्युलर म्हणजे खोलीच्या खोली कारखान्यात तयार. भिंती, जमीन, छत, वायरिंग, फरशीसकट ती ट्रेलरवर येते आणि क्रेनने जोत्यावर ठेवली जाते. केंद्र सरकारच्या लाइटहाउस प्रकल्पांत (नव्या पद्धतींनी घरं बांधायचे प्रकल्प, सहा शहरं, पायाभरणी १ जानेवारी २०२१) रांचीला हे झालं. तिथे काँक्रीटच्या अख्ख्या खोल्या ओतून एकावर एक रचल्या, १,००८ घरं. त्याच प्रकल्पांत अगरतळ्याला जे झालं ते एलजीएसएफ: सांगाडा कारखान्यात कापलेला, घर जागेवर उभं केलेलं. तुमची दुसरी आणि तिसरी कोटेशनं या प्रकारातली आहेत. त्यांना प्रीफॅब म्हणा, मॉड्युलर नव्हे. कंटेनर हा एकटाच मॉड्युलरच्या जवळ जातो, आणि तोच तुमच्या उपयोगाचा नाही.

का नाही ते आकड्यांत पाहा. कंटेनर बाहेरून २.४४ मीटर रुंद, आतून २.३५. दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि बोर्ड लावला की २.२० उरतात, म्हणजे सव्वासात फूट. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची मागते, आणि घरातल्या किमान एका खोलीला ९.५ चौरस मीटर क्षेत्र व २.४ मीटर रुंदी. उंच जातीच्या कंटेनरचीही आतली उंची २.७० च्या आसपासच, त्यातून सीलिंग वजा करा. दोन कंटेनर जोडून मधली भिंत कापली तर रुंदी मिळते, पण कंटेनरची ताकद त्या नालीदार पत्र्यातच असते. बोजा चार कोपऱ्यांच्या खांबांवर जातो आणि मधला पत्रा खोल तुळईचं काम करतो. तो कापला की वरची कड खाली झोपते, मग चौकोनी पाइपची चौकट आत वेल्ड करावी लागते आणि स्वस्ताई तिथेच संपते. शिवाय जुन्या कंटेनरची प्लायची जमीन जहाजप्रवासासाठी कीटकनाशक पाजलेली असते. दारावरच्या सीएससी (सुरक्षा मान्यतेच्या) पाटीवर त्या प्रक्रियेची नोंद असते. ती न वाचता त्यावर व्हिनाइल अंथरून त्यात आईवडिलांना झोपवू नका.

आणि तो तिथे पोचणार कसा? ४० फुटी ट्रेलर दहा फुटी रस्त्यावर काटकोनात वळत नाही. ट्रेलरची पाटी दीड मीटर धरली तर वरचा माथा ४.४ मीटरवर येतो. रस्ता ओलांडणारी विजेची तार नियमाने ५.८ मीटरवर हवी, गावात ती किती लोंबते ते तुम्हाला ठाऊक असेलच. कंटेनर बाद.

आता वारा. प्रीफॅबवाले "भूकंपरोधक, हलकं" असं जाहिरातीत लिहितात आणि ते खरं आहे, भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात येतो. पण किनाऱ्यावर हलकेपणाच अंगाशी येतो. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या जोराच्या भारतीय मानकात पुण्याला वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद आहे, मुंबईला ४४. तुमच्याकडे ४४ धरून हिशेब करू. दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, म्हणजे सुमारे १,१६० न्यूटन, चौरस मीटरला साधारण ११८ किलो. ६५० फुटांचं घर पागोळ्या धरून ८५ चौरस मीटर छप्पर घेतं. त्यावर वर ओढणारा जोर आठ ते दहा टन होतो. आणि घराचं वजन? एलजीएसएफची भिंत चौरस मीटरला ३५ ते ५० किलो. सगळ्या भिंती मिळून पाचेक टन, छप्पर दीड-पावणेदोन टन. घर सात टनांचं आणि उचलणारा हात दहा टनांचा. हेच घर चिऱ्याचं केलं तर भिंतीच पन्नास टनांच्या आसपास भरतात.

म्हणून हलक्या घराला जोतं हाच नांगर. १०० मिमीची आरसीसी स्लॅब टाकली तर तीच चौदा-पंधरा टनांची होते, खाली प्लिंथ बीम वेगळा. सांगाडा या वजनाला बांधलेला हवा. कोपऱ्यांवर आणि प्रत्येक दाराच्या दोन्ही बाजूंना होल्ड-डाउन (सांगाडा जोत्याला धरून ठेवणारा लोखंडी तुकडा), मध्ये दर ६०० मिमीला एम-१२ अँकर, ते बीमच्या काँक्रीटमध्ये किमान १०० मिमी खोल. पीसीसीत (सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये) ठोकलेला फास्टनर नुसता दिसायला असतो. कोटेशनमध्ये "अँकरिंग समाविष्ट" एवढंच लिहिलं असेल तर बोल्टचा व्यास, खोली आणि अंतर लिहून मागा, आणि वाऱ्याचा वेग किती धरला तेही. ३९ लिहिलं असेल तर तो हिशेब पुण्याचा आहे.

---

आठ_नंबर_स्क्रू

ओळंबासाहेबांनी वाऱ्याचं सांगितलं, मी गंजाचं सांगतो. समुद्रापासून तीन किलोमीटर म्हणजे खारा वारा पोचतोच.

पॅनेलचं घर कुजायला लागतं ते खालून. भिंतीची सगळ्यात खालची आडवी पट्टी, तिला बॉटम ट्रॅक म्हणतात, ती जोत्यावर टेकलेली असते. पाणी तिथे साचतं आणि बोर्ड झाकलेला असल्यामुळे दिसत नाही. पाच वर्षांनी बोर्ड फुगला की लोक बोर्ड बदलतात, आतला ट्रॅक तोवर चाळणी झालेला असतो. उपाय बांधतानाच करायचे. जोतं बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान ४५० मिमी वर, शक्यतो ६००. ट्रॅकखाली ईपीडीएम रबराची पट्टी, नुसतं प्लास्टिक नव्हे. बाहेरचा बोर्ड जोत्याच्या कडेपाशी थांबवायचा नाही, तो जोत्याच्या बाहेरून २५ मिमी खाली उतरला पाहिजे, म्हणजे पाणी थेंबाने बाहेर गळतं. यासाठी जोत्याचं माप सांगाड्याइतकंच हवं. गवंडी सवयीने दोन इंच बाहेर काढून "शोभेची कड" देतो. त्या कडेवर पाणी उभं राहून थेट ट्रॅकमध्ये जातं. हे त्याला आधीच सांगा, नंतर छिन्नीने तासायला तोच जास्त पैसे घेईल.

सांगाड्याच्या पत्र्याला कोटिंग कोणतं ते विचारा. झेड-२७५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. झेड-१२० देऊन "जीआय आहे" म्हणणारे पुष्कळ. छपराला ॲल्युमिनियम-जस्ताचं एझेड-१५० चांगलं, पण तेच ओल्या सिमेंटला लागलं तर खातं. त्यामुळे तळाचा ट्रॅक जस्ती, वरचा पत्रा एझेड, अशी वाटणी ठेवा. जाडी ८९ मिमीच्या स्टडला (भिंतीतल्या उभ्या पट्टीला) ०.८ ते १.० मिमी, अंतर ४०० मिमी. स्वस्त कोटेशनात ते अंतर ६१० असतं, दोन कागद शेजारी ठेवून पाहा.

पफवाल्याचा सांगाडा साध्या काळ्या पाइपचा आणि वर रेडऑक्साइड असेल तर तुमच्या अंतरावर ते चालणार नाही. गॅल्वनाइज्ड पाइप घेतला तरी वेल्डच्या जागी जस्त जळतं, तिथे घासून झिंकरिच प्रायमर हवा.

स्क्रू ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि तिथेच चोरी. साध्या पिवळ्या मुलाम्याचे स्क्रू दुसऱ्या पावसात लाल रेघा सोडतात. छपराला आणि बाहेरच्या बोर्डाला स्टेनलेस घ्या, घराला फार तर काही हजार रुपयांचा फरक पडतो. स्क्रू आवळताना रबरी वॉशर किंचित दबला पाहिजे. तो बाहेर फुगून आला तर दोन-तीन उन्हाळ्यांत फाटतो आणि तिथूनच गळतं. पागोळीच्या आणि कोन्याच्या ओळीत पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, कारण वादळात पत्रा कडेनेच उचलतो. मधल्या ओळींत एकाआड एक चालतं.

साइटवर पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्या रंगीत पत्र्यावर चिकटतात आणि महिनाभरात देवी आल्यासारखे तांबडे ठिपके उठतात. कातरीने किंवा निबलरने कापायचं.

वायरिंगबद्दल एकच, पण ते चुकलं तर जीवावर बेतेल. स्टडमधल्या भोकांच्या कडा धारदार असतात. प्रत्येक भोकात रबरी किंवा प्लास्टिकचा ग्रॉमेट, वायर कंड्युटमधून. नाहीतर वायरचं वेष्टण कापलं जाऊन अख्खा सांगाडा करंट धरतो. सांगाड्याला दोन ठिकाणी अर्थिंग आणि मेन बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). हे कोटेशनात नसेल तर तुम्ही घाला.

---

चिरेखाण

सगळे प्रीफॅबचे गुणदोष सांगतायत, म्हणून जांभ्याची बाजू मांडतो. दोषांसकट.

चिऱ्याच्या भिंतीत कुठेही खुंटी ठोका, ग्रील बसवा, उद्या खिडकी मोठी करा. गावात दुरुस्तीला माणूस मिळतो. प्रीफॅबवाला पाच वर्षांनी फोन उचलेलच असं नाही, आणि त्याच्या पॅनेलचा सांधा दुसऱ्याच्या पॅनेलमध्ये बसत नाही. हा मुद्दा कोटेशनात कुठेच दिसत नाही, पण वयस्कर माणसं राहणार असतील तर माझ्या मते तो पहिला.

पण आता चांगला चिरा मिळणं हेच काम झालंय. खाणीच्या वरच्या थरातला पिवळट, मातकट दगड घेऊ नका. लाल, टणक, जाळीदार पण जाळीत माती नसलेला हवा. मानकात दाबाची ताकद चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन आणि पाणी शोषण १२ टक्क्यांच्या आत सांगितलंय. घरगुती परीक्षा अशी: चिरा वजन करून दिवसभर पाण्यात बुडवा, परत वजन करा. तीस किलोचा चिरा चार किलो पाणी प्यायला तर तो परत पाठवा. खाणीतून काढलेला चिरा काही आठवडे उघड्यावर राहू दिला की कडक होतो, ताजा लावू नका.

तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो सरळ पडत नाही, झड मारतो. नऊ इंची उघडी जांभ्याची भिंत झडीला पाणी ओढते, मग ती कितीही देखणी दिसो. जुनी घरं कोरडी राहायची ती दगडामुळे नव्हे, चारी बाजूंच्या पडवीमुळे आणि खाली उतरलेल्या वळचणीमुळे. आज मधोमध चौकोनी घर, दीड फुटाची पागोळी, आणि मग "जांभ्याला ओल येते" म्हणून तक्रार. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला तीन-चार फूट छप्पर बाहेर काढा. हा नियम प्रीफॅबलाही लागू आहे, तिथे तर जास्तच, कारण तिथे भिंतीला सांधे आहेत. फक्त हलक्या घराला जितकी पागोळी लांब तितका वारा जास्त पकडतो, म्हणून पुढच्या कडेला खांब देऊन ती जमिनीला बांधायची.

आणि ओळंबांच्या पन्नास टनांना एक पुरवणी. भिंत जड असली म्हणून छप्पर आपोआप टिकत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडला चिऱ्याच्या भिंती जागेवर आणि पत्रे दुसऱ्याच्या वाडीत असं दृश्य होतं. भिंतीच्या डोक्यावर आरसीसी बँड (काँक्रीटचा आडवा पट्टा) आणि त्यात ओतलेले बोल्ट, त्याला कैची (छपराचा सांगाडा). नुसती चिऱ्यात गाडलेली पट्टी उपटून येते. तुमच्या २,१०० च्या कोटेशनात प्लिंथ (जोत्याचा), लिंटल (दार-खिडकीवरचा) आणि छपराखालचा असे तिन्ही बँड आहेत का ते बघा. बहुतेक वेळा लिंटल फक्त खिडकीपुरता असतो.

---

सहा_गुंठे

मनापासून आभार. कंटेनर रद्द केला. कोटेशनं परत वाचली. एलजीएसएफच्या दरात जोतं, सेप्टिक टँक, नळजोड, बाहेरची वायरिंग नाही. वाहतूक "प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे". पैसे ५० टक्के ऑर्डरला, ४० टक्के माल निघण्यापूर्वी, १० टक्के शेवटी. कोटिंग झेड-१२०, स्टड ६१० वर, आठ_नंबर_स्क्रू यांनी म्हटलं तसंच. चिऱ्याच्या कोटेशनात लिंटल बँड खरंच नाही.

अजून तीन गोष्टी. आईला हॉलमध्ये झोपाळा हवाच आहे, वडिलांना छपरावर हजार लिटरची टाकी. पॅनेलच्या घरात हे जमतं का? आणि उन्हाळ्यात तापण्याचं काय? पफवाला म्हणतो "एसीची गरजच नाही".

---

सातबारा

पैशांचं आणि कागदांचं आधी बोलतो, झोपाळ्याचं ओळंबा सांगतील.

१,९५० × ६५० = १२,६७,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी २,२८,१५०. झाले १४,९५,६५०, आणि यात अजून जोतं नाही. चिऱ्याचे २,१०० × ६५० = १३,६५,०००, जोतं आणि सेप्टिकसकट. म्हणजे स्वस्त वाटणारं कोटेशन महाग आहे. फुटाचा दर बघायचाच नाही, दोन्हींची यादी सारखी करून एकूण रक्कम बघायची. बांधताना पैसे वाचतात म्हणून एलजीएसएफ घेऊ नका. वेळ वाचतो म्हणून घ्या, नाहीतर घेऊच नका.

परवानगी. "प्रीफॅब तात्पुरतं असतं, परवानगी लागत नाही" असं विक्रेते सांगतात, ते ऐकू नका. भिंत कशाची आहे हे कुणी विचारत नाही. जोत्यावर उभी राहून वापरात येणारी वास्तू म्हणजे बांधकाम. एकत्रित विकास नियंत्रण नियमावली (डिसेंबर २०२०) प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रालाही लागू आहे. तुमचा प्लॉट एनए आहे हे बरं, कारण शेतजमिनीवरच्या फार्महाउसला किमान ०.४ हेक्टर लागतं, सहा गुंठ्यांत ते बसलं नसतं. नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, जोत्याची तपासणी हे सगळं चिऱ्याच्या घरासारखंच. प्लॉटजवळ खाडी आहे का तेही बघा. सीआरझेडमध्ये (किनारपट्टीवरच्या बांधकाम-निर्बंधांच्या क्षेत्रात) भरतीरेषा खाडीच्या काठानेही मोजतात, त्यामुळे समुद्र तीन किलोमीटरवर असूनही माणूस अडकतो.

विक्रेत्याकडे बीएमटीपीसीचं पीएसीएस प्रमाणपत्र मागा. नव्या बांधकाम पद्धती तपासून केंद्र सरकारची ही संस्था ते देते. बँकेच्या इंजिनिअरसमोर हा कागद ठेवला की निम्मे प्रश्न थांबतात.

कर्जाची अडचण वेगळीच असते. बँक बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे पैसे सोडते, आणि इथे ९० टक्के रक्कम द्यायची वेळ येते तेव्हा प्लॉटवर फक्त जोतं दिसत असतं. मूल्यमापन करणारा कशावर टक्के लिहिणार? म्हणून करारातच टप्पे बदलून घ्या: नकाशे आणि हिशेबाला १०, सांगाड्याचा माल प्लॉटवर उतरल्यावर ३५, सांगाडा आणि छप्पर झाल्यावर २५, बाहेरचे बोर्ड व खिडक्या झाल्यावर १५, ताब्याला १०, आणि शेवटचे ५ टक्के ऑक्टोबरात, एक पावसाळा काढल्यावर. शेवटच्या पाच टक्क्यांवर जो सगळ्यात जास्त वाद घालतो त्याला आपल्या सांध्यांची खात्री नाही असं समजा.

---

ओळंबा

झोपाळा. जमतो, पण आधी सांगितला तर. दोन माणसं बसून झोका घेतला की कड्यांवर स्थिर वजनाच्या जवळपास दुप्पट जोर येतो, शिवाय तो पुढेमागे ओढतो. फॉल्स सीलिंगच्या सांगाड्याला किंवा ट्रसच्या खालच्या पट्टीला कड्या लावायच्या नाहीत. झोपाळ्यासाठी स्वतंत्र आय-बीम किंवा चौकोनी पाइपची तुळई, तिचे दोन्ही पाय भिंतीत लपवलेल्या पाइपच्या खांबांवर, खांब थेट प्लिंथ बीमवर. पन्नास-साठ किलो लोखंडाचं काम आहे. नकाशात असेल तर किरकोळ, घर झाल्यावर सुचलं तर भिंत फोडावी लागते.

टाकी छपरावर नको. हजार लिटर म्हणजे एक टन, तुमच्या अख्ख्या छपराचं वजन त्याच्या दुपटीलाही पोचत नाही. घरामागे वेगळा स्टँड, स्वतःच्या पायावर. २५ लिटरचा भरलेला गिझर, एसी, भिंतीतली कपाटं, खिडकीचे ग्रील यांच्यासाठी बोर्डमागे १८ मिमी मरीन प्लाय किंवा जाड पत्र्याची पट्टी आधीच बसवून घ्यायची. बोर्ड लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढून ठेवा. तीन वर्षांनी खिळा कुठे ठोकायचा ते त्या फोटोतच सापडेल.

तापण्याचं. ५० मिमी पफमधून उष्णता खरंच कमी शिरते. यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती जाते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) ०.४५ च्या आसपास, साध्या नऊ इंची विटेच्या भिंतीची २ च्या जवळ. पण पफ उष्णता साठवत नाही आणि आतली बाहेरही सोडत नाही. दुपारी स्वयंपाक केला, चार माणसं बसली, खिडक्या बंद, की खोली भराभर तापते. चिऱ्याची भिंत दिवसभर उष्णता पीत राहते आणि रात्री आत सोडते. विदर्भात किंवा देशावर दिवसरात्रीत मोठा फरक असतो, तिथे जड भिंतीचा फायदा होतो. कोकणात रात्रही दमटच, तिथे वारा खेळता ठेवणं भिंतीपेक्षा महत्त्वाचं: समोरासमोर खिडक्या, वर कोन्याला झरोका, पत्र्याखाली ५० मिमी इन्सुलेशन. ते इन्सुलेशन पावसाचा ताशाही कमी करतं. "एसीची गरज नाही" हे वाक्य करारात लिहून द्यायला सांगा, मग बघा.

पफची दुसरी बाजू म्हणजे आग. तो जळतो आणि धूर विषारी असतो. ओट्यामागची भिंत तरी रॉकवूलची आणि पुढे सिमेंट बोर्ड. मी तुमच्यासाठी पफ सुचवणार नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल कुणी बोललं नाही ती: तुमचं घर पावसाळ्यात बंद राहणार आहे. चार महिने बंद, दमट घरात जिप्सम बोर्डाच्या कागदावर बुरशी चढते आणि वाळवीलाही तो कागद आवडतो. आतूनही फायबर सिमेंट बोर्डच घ्या, ८ मिमी. त्याचे सांधे हवेतल्या ओलाव्याने हलतात, लपी (पुट्टी) भरून सपाट केलेत तर केसासारख्या भेगा दिसणारच. दर साडेतीन-चार मीटरला उघडा सांधा ठेवून वर पट्टी मारा, ते प्रामाणिक दिसतं. बाहेरचे सांधे पीयू सीलंटने भरायचे. सिलिकॉनवर रंग बसत नाही. खिडकीच्या खाली बाहेर उतार असलेली, दोन्ही टोकं वर वळवलेली पत्र्याची पन्हळ हवी. पॅनेलच्या घरात गळती बहुतेक वेळा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातच सापडते, लोक मात्र छपरावर चढून शोधत बसतात. बाथरूमला जमिनीवर आणि भिंतीवर १.८ मीटरपर्यंत वॉटरप्रूफिंग, २४ तास पाणी तुंबवून परीक्षा, मगच टाइल.

निर्णय मागितलात तर माझं मत असं. मेअखेर ही अट पक्की असेल तर एलजीएसएफ, पण झेड-२७५, ४०० मिमी अंतर, ४४ चा वारा, आणि पडवी पश्चिमेला वळवून. अट सैल असेल आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबता येत असेल तर चिरा, तिन्ही बँडसकट. दोन्हींत पाया आणि जोतं गावच्या गवंड्याकडूनच करून घ्या.

---

सहा_गुंठे

अट पक्की आहे, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलंय. म्हणजे एलजीएसएफ. गवंडी जोतं करणार आणि कंपनी सांगाडा आणणार, मग माप चुकलं तर जबाबदार कोण? आणि वेळापत्रक कसं बसवू?

---

आठ_नंबर_स्क्रू

भांडण नेमकं तिथेच होतं, म्हणून क्रम उलटा धरा. आधी कंपनीकडून जोत्याचा नकाशा, अँकर आणि ड्रेनेज पाइपच्या जागांसकट. गवंड्याला तोच द्या. जोतं झाल्यावर कंपनीच्या माणसाला बोलवून मोजायला लावा आणि सही घ्या, सांगाडा कापायच्या आधी. दोन्ही कर्ण मोजायचे, फरक ५ मिमीच्या आत. पातळी पाण्याच्या नळीने किंवा लेझरने, तीन मीटरला ३ ते ५ मिमी. कुठे १०-१५ मिमी खाली असेल तर न आकसणारा ग्राउट भरायचा. लाकडी पाचर किंवा फरशीचा तुकडा खाली सरकवू द्यायचा नाही, त्यावर ट्रॅक टेकतो आणि मध्ये लोंबकळतो.

डिसेंबरचे चार आठवडे पाया आणि जोतं, एम-२० काँक्रीट. जानेवारीत क्युरिंग, मोजणी, कारखान्यात सांगाडा. तो लहान ट्रकने येईल, भिंतीचे तुकडे चार माणसं उचलतात, तुमच्या वळणाला क्रेनची गरज नाही. झोपाळ्याची तुळई जड पडली तर एक दिवस हायड्रा (लहान क्रेन) बोलवा. फेब्रुवारीत सांगाडा आणि छप्पर, मार्चमध्ये बाहेरचे बोर्ड, खिडक्या, वायरिंग. आतले बोर्ड एप्रिलच्या आधी लावू देऊ नका, सुतार कितीही घाई करो.

मधल्या काळात पाण्याची परीक्षा घ्या. एक इंची पाइप, जोराचं पाणी, भिंतीच्या खालून सुरुवात करून वर जायचं. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि नेमकं कुठून गळतंय ते कळत नाही. प्रत्येक खिडकीवर आणि सांध्यावर पंधरा मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. पश्चिमेची भिंत दोनदा. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण, आणि बाहेरून सीलंट सुकल्यावर तीच जागा परत.